फवारणीबाबत

आमच्या नव्या घराला पश्चिमेकडं खिडकी पाहिजे, हा हट्ट माझा होता. वस्तीतल्या कुणाच्याच घराला तेव्हा त्या बाजूनं खिडकी नव्हती. माय म्हणाली, "तिकडून निस्ती धूळ येती रं." गवंड्यानं सांगून पाहिलं की दुपार कलली की ऊन थेट अंथरुणावर येईल. मी कुणाचं ऐकलं नाही. मला नुकतीच लातूरला सरकारी नोकरी लागली होती, आणि नोकरी लागल्यावरही चारचौघांचंच ऐकायचं तर मग नोकरीचा उपयोग काय, असं माझं तेव्हाचं डोकं होतं. शिवाय त्या बाजूला हिरवं रान होतं. निलंगा तालुक्यातल्या आमच्या गावात त्या वर्षी हिरवं म्हणून तेवढंच उरलं होतं.

ते रान आबांचं. आबा साठीचे, गावातले मोठे शेतकरी. लहानथोर सगळे त्यांना आबाच म्हणत. गाव पश्चिमेला, आमची बौद्धांची वस्ती पूर्वेला, आणि मधोमध त्यांचा मळा. वस्ती पूर्वेलाच का, हे आमच्याकडं कुणाला विचारावं लागत नाही. वर्षातले बरेच महिने वारं पश्चिमेकडून येतं. गावावरून आलेलं वारं वस्तीवर गेलं तर चालतं, वस्तीवरून गेलेलं गावात शिरायला नको, एवढा विचार कुणीतरी फार पूर्वी करून ठेवलेला आहे. आमच्या आजानं धर्म बदलला, माझ्या वडलांनी गावकीची कामं सोडली, मी कचेरीत खुर्चीवर बसलो. वारं मात्र जिथून यायचं तिथूनच येत राहिलं.

दोन वर्षं पावसानं हूल दिली होती. वस्तीच्या विहिरीत चिखल होता आणि हातपंप निस्ता हवा ओढायचा. आबांच्या विहिरीला तेवढं पाणी होतं. त्यांनी आपणहून सांगितलं, वस्तीतल्या बायांनी घरटी सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन घागरी हौदातून भरून न्याव्यात. त्यांच्या वडलांच्या काळात हे झालं नसतं, हे दोन्हीकडच्यांना ठाऊक होतं आणि दोन्हीकडचे त्याबद्दल बोलत नव्हते. माय अधूनमधून त्यांच्याच मळ्यात खुरपायला जायची. वडील वारल्यापासून तिनं घर असंच चालवलं होतं.

उसाला पुरेल एवढं पाणी काही आबांकडंही नव्हतं. त्यांनी ऊस मोडला आणि वांगी-मिरची लावली. वांग्याला अळी, मिरचीला आणखी काहीतरी, त्यामुळं दर आठव्या दिवशी औषध. आमच्याकडं त्याला विष कुणी म्हणत नाही, औषधच म्हणतात. आबा स्वतः मारायचे. पाठीवर पंप, तोंडाला उपरणं, डाव्या हातानं दांडा खालीवर, उजव्या हातात नळी. माणूस शिस्तीचा. डब्यावरच्या कागदावर जे छापलेलं असेल ते चष्मा लावून वाचायचे आणि तसंच करायचे. त्यात छापलेलं होतं, वारं नेहमी पाठीवर घ्यावं, म्हणजे औषध मारणाऱ्याच्या अंगावर येत नाही. आबा पश्चिमेच्या बांधाला उभे राहायचे, वारं पाठीवर घ्यायचे आणि एकेक तास, म्हणजे पिकाची एकेक ओळ, करत आमच्या खिडकीकडं चालत यायचे.

मी आणि माय दोघंच असतो तर हे मी इतकं मनावर घेतलं नसतं. नाकाला फडकं लावून तास-दोन तास काढले असते, जसं बाकी वस्ती काढत होती. पण आषाढात ताई बाळंतपणाला आली. तिचं सासर लोहा तालुक्यातलं, आणि मेहुणे किनवटकडं एका आश्रमशाळेत मास्तर. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर म्हणजे आता मातीची खोली नाही, सिमेंटचं घर, याचा मायला केवढा तरी अभिमान होता. मुलगी झाली. बाळंतिणीची बाज चांगल्या खोलीत टाकली, म्हणजे खिडकीच्या खोलीत.

बाळ सहा दिवसांचं असताना पहिली फवारणी झाली. गुरुवार होता, रजा काढून मी घरी होतो. पावसाचा पत्ता नव्हता, पण वारं असं सुटलेलं की दोरीवरची लुगडी आडवी झालेली. आधी वास आला, मग डोळ्यांना झोंबलं, मग बाळ खोकायला लागलं. सहा दिवसांचं लेकरू खोकतं तेव्हा त्याचं सगळं अंग खोकतं. ताईनं त्याला पदराखाली घेतलं, तर पदरालाही तोच वास. त्या दिवशी भाकरी कडू लागली असं मला वाटलं. माय म्हणाली, भाकरीला काही झालं नाही, तुझ्याच तोंडाला आलंय.

मग मायनं घर राखायला सुरुवात केली. खिडकी बंद केली, तर फळ्यांच्या फटीतून यायचं. फटीत चिंध्या कोंबल्या. युरियाची रिकामी पोती उसवून, शिवून बाहेरून पडदा केला, तो वाऱ्यानं रात्रंदिवस फडफडायचा आणि बाळ दचकायचं. अंगणाच्या कडेला तुराट्यांचा कूड घातला, त्याला शेणानं लिंपलं. कूड माणसाच्या डोक्याएवढा, वारं त्याच्या वरून यायचं. सगळ्यांत बरी ठरली ती ओली गोधडी. ती खिडकीला टांगली की वास तिच्यात अडकायचा. पण एका गोधडीला घागरभर पाणी लागायचं, आणि घागरी चारच. त्यातच पिणं, रांधणं, बाळंतिणीचं आणि बाळाचं न्हाणं. शेवटी माय बाळाच्या न्हाणीचं पाणी परातीत धरायची आणि त्यात गोधडी भिजवायची. पाणी आबांचं आणि ते अडवायचं आबांच्याच औषधाला, हे मला सहन व्हायचं नाही. मी घरात येरझाऱ्या घालायचो आणि माय म्हणायची, "बस की रं एका जागी."

लातूरला गेल्यावर तर आणखीनच. कचेरीसमोर चहाचं हॉटेल होतं, त्याच्या भट्टीचा धूर कुठं जातो हे मी दिवसातून दहादा बघायचो. धूर बसस्टँडकडं, म्हणजे पूर्वेला, झुकला की मी काम टाकून दारात येऊन उभा राहायचो. आठवा दिवस कधी, हे मी कॅलेंडरवर पेन्सिलीनं टिंब देऊन ठेवलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं माझं लग्न ठरलंय.

दुसऱ्या फवारणीनंतरच्या शनिवारी मी गावी गेलो, तर माय म्हणाली, "मी आबाला बोलून बघते."

"तू काही बोलायचं नाही," मी म्हणालो. "बोललेलं वाऱ्यावर जातं. मी अर्ज करतो."

ती म्हणाली, "आरं, त्येंच्याच हौदावर जाते की मी. दोन शब्द बोलायला काय हुतंय?"

"आणि त्यांनी हौदच बंद केला तर? सगळी वस्ती आपल्या नावानं खडे फोडेल. ते कागदानं, कायद्यानं व्हायला पाहिजे. तू गप्प बस."

हे मी मायला म्हणालो. तिनं घागर उचलली आणि गेली. लेक साहेब झालाय, त्याला जास्त कळतं, असं तिनं मनाशी धरलं असणार. मला कळत काही नव्हतं, मला भीती वाटत होती. भीतीला अर्जाचं रूप देता येतं, एवढंच मी नोकरीत शिकलो होतो.

मी बसायचो आवक टेबलावर. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, विषय नोंदवायचा आणि पुढं सरकवायचा. जिल्हा नवा होता. जुन्या कागदांवरचं उस्मानाबाद पेनानं खोडून आम्ही वर लातूर लिहायचो. दिवसभर हजार अर्ज डोळ्यांखालून जायचे, त्यामुळं अर्ज कसा लिहायचा हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, असं मला वाटत होतं.

पहिला मसुदा मी आबांच्या नावानिशी लिहिला. वाचला आणि हौद डोळ्यांपुढं आला. फाडला. दुसऱ्यात लिहिलं, 'शेजारील शेतातून'. आम्हाला शेजारचं शेत एकच. तोही फाडला. तिसरा मात्र मला फार आवडला. कुणाचं नाव नाही, कुणावर आरोप नाही, भाषा अशी की कलेक्टरनंही मान डोलवावी. वर लिहिलं, 'विषय : राहत्या घरावरील औषध फवारणीबाबत.' खाली मायचा अंगठा घेतला, सोमवारी कचेरीत जाऊन माझ्याच हातानं त्यावर शिक्का मारला, माझ्याच हातानं नंबर टाकला. कागद पुढच्या टेबलावर ठेवताना मला इतकं हलकं वाटलं की मी दोन चहा प्यायलो.

त्यानंतर काय झालं ते मी पाहिलेलं नाही. मायनं, ताईनं आणि जीपवाल्या माणसानं सांगितलं ते जोडून सांगतो.

गुरुवार होता. दुपारी वस्तीत एक जीप आली. त्यातून तिघं खाकी कपड्यांतले उतरले, बादल्या, पंप, पिठासारख्या भुकटीची पोती. मलेरियावाले. त्यांनी मायचं नाव विचारलं. माय म्हणाली, मीच. त्यांच्यातला मोठा म्हणाला, "मावशी, तुमचा अर्ज आलाय. घरावर फवारणीबाबत. बाळंतीण हाय म्हनून अर्जंट लिवलंय. भांडीकुंडी भायेर काढा, आतून मारायचंय."

मायला काही तरी चुकतंय असं वाटलं. ती म्हणाली, "आवो, मारायचं न्हाई, थांबवायचं हाय." त्यानं कागद दाखवला. कागदावर तिचा अंगठा होता. मायला वाचता येत नव्हतं, पण अंगठा ओळखता येत होता, आणि वरचं अक्षर लेकाचं आहे हेही. मग हे लेकानंच पाठवलेलं असणार. आतून एक औषध मारलं की बाहेरचं औषध बाधत नाही, असं काही तरी शहरात निघालं असेल, असं ती नंतर मला म्हणाली. ती रागानं म्हणाली नाही, तिला खरंच तसं वाटलं होतं. तिनं रांजण झाकला, भांडी बाहेर काढली, ताईची बाज बाहेर काढली आणि अंगणात कुडाच्या सावलीला टाकली. दुसरी सावलीच नव्हती.

त्या दिवशी आबांचा आठवा दिवस होता.

घरात मलेरियावाले भिंतींवर पांढरं पाणी मारत होते, बाहेर आबा वारं पाठीवर घेऊन येत होते, आणि मधे ताई दहा-बारा हात जागेत बाळाला घेऊन इकडून तिकडं करत होती. आत जावं तर तेच, बाहेर थांबावं तर तेच. दुसऱ्याच्या घरात ओली बाळंतीण न्यायची कशी, या विचारात माय दोन मिनिटं घुटमळली. तेवढ्यात बाळाचं रडणं थांबलं. तोंड उघडं आणि आवाज नाही. ओठ काळे-निळे पडलेले. ताई अशी ओरडली की आबांनी पंप थांबवला.

मलेरियावाल्यांनी बादल्या तिथंच टाकल्या आणि त्याच जीपमधून ताईला, मायला आणि बाळाला निलंग्याला नेलं. त्या माणसांना मी कधी बोल लावला नाही. त्यांनी जीप जशी हाकली तशी एरवी कुणी हाकली नसती.

मला निरोप मिळाला शुक्रवारी सकाळी, एसटीच्या कंडक्टरकडून. दवाखान्यात पोचलो तेव्हा बाळाला नळीनं हवा दिली होती आणि ते झोपलं होतं. छाती भरभर वरखाली होत होती, पण होत होती. डॉक्टर म्हणाले, आता धोका नाही, पण त्या हवेत परत नेऊ नका. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि रडलो. ताईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. जीपवाला माणूस अजून तिथंच बसलेला होता. त्यानं खिशातून घडी केलेला अर्ज काढला आणि माझ्यापुढं धरला. "साहेब, विषयच तसा हुता. आमचं काय चुकलं सांगा." कागदावर माझा शिक्का होता. एका कोपऱ्यात कुणीतरी तांबड्या पेनानं लिहिलं होतं, हिवताप, उचित कार्यवाहीस्तव.

रविवारी दुपारी मी आणि माय गावी आलो. मला वाटलं ती घरी जाईल. ती सरळ मळ्यात गेली, मी मागं. आबा हौदाच्या कठड्यावर बसले होते, चार-पाच बाया पाणी भरत होत्या. मी मनात वाक्यं जुळवायला लागलो होतो. मायनं मला बोलूच दिलं नाही.

"आबा," ती म्हणाली, "आमच्या घरावर औषध यिऊन राहिलंय. लेकरू मरता मरता वाचलं. मारू नका."

बाया थांबल्या. आबा म्हणाले, "आगं, मी काय तुझ्या घरावर मारतो का? वारं नेतंय. वारं का माझ्या हातात हाय?"

"वारं न्हाई तुमच्या हातात," माय म्हणाली. "पाठ तर तुमचीच हाय."

आबांनी एकदा हौदाकडं पाहिलं. मला वाटलं, झालं, गेला हौद. मग ते म्हणाले, "मग आधी कामून न्हाई सांगितलं? रोज तर येती हितं." मायनं माझ्याकडं पाहिलं नाही, ते बरं झालं. आबा उठले. "पहाटं मारतो आता. वारं पडलेलं असतंय तवा. आन् तुमच्याकडची चार तासं सोडून देतो, खाऊ दे अळीला." जाताना बायांना म्हणाले, "भरा गं, थांबल्या कामून?"

एवढंच. एक घागर भरायला लागतो तेवढा वेळ. हौद बंद झाला नाही, वस्तीनं खडे फोडले नाहीत. आबांनी शब्द पाळला. त्यानंतर त्या चार ओळींत नळी कधी फिरली नाही. मला समाधान वाटायला हवं होतं, आणि मी मळ्यातून परतताना दगडांना लाथा मारत होतो.

कारण घरात आता वास आबांच्या औषधाचा नव्हता. चारी भिंतींवर, दारामागं, छताच्या वाशांवर पांढरे ओघळ वाळले होते. दाराशेजारी गेरूनं तारीख घातली होती. हात लावला की बोटाला भुकटी. ते धुवून काढायला पाणी पाहिजे होतं, आणि पाणी चार घागरी. मायनं ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं, तर ओघळ पसरले आणि वास दुप्पट झाला. मी म्हणालो, शेणानं सारवू. सारवण सिमेंटवर धरेना.

मंगळवारी किनवटहून मेहुणे आले. दवाखान्यातूनच ताईला आणि बाळाला लोह्याला न्यायचं ठरवून आले होते. बाळ पंचवीस दिवसांचं होतं. सव्वा महिन्याच्या आत बाळंतीण माहेराहून जाते, असं आमच्यात होत नाही. माय एसटी स्टँडवर ताईला पुन्हापुन्हा सांगत होती, आबा आता पहाटं मारणार हायत, त्येंनी शब्द दिलाय, चार तासं सोडल्यात. ताईनं बाळाचं टोपडं नीट केलं आणि म्हणाली, "बाहेरचं थांबलं गं माय. आत मारलंय त्याचं काय करतीस?" मग बस आली. तिचं दुसरं बाळंतपण लोह्याला झालं, तिसरंही.

त्या संध्याकाळी घरी मी आणि माय दोघंच होतो. तिनं चूल अंगणात मांडली होती, आत रांधायची सोय नव्हती. विहारात वर्षावासाचं वाचन सुरू झालं होतं, लाउडस्पीकरवरून ऐकू येत होतं, पण ती गेली नाही. भाकऱ्या झाल्यावर तिनं हात पुसले आणि म्हणाली, "ती अर्जी हाय का तुझ्यापाशी?"

होती. जीपवाल्यानं दिलेली, खिशातच. "वाच," ती म्हणाली.

मी वाचायला लागलो. "'महोदय, विनंती अर्ज सादर करण्यात येतो की, अर्जदार ही वरील ठिकाणची कायम रहिवासी असून घरात ओली बाळंतीण व तान्हे मूल आहे. सध्याच्या दिवसांत औषध फवारणीचा विषय अत्यंत निकडीचा झालेला आहे. तरी राहत्या घरावरील औषध फवारणीबाबत तातडीने योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती. कळावे.'"

माय चुलीकडं बघत ऐकत होती. मी थांबल्यावर तिला वाटलं अजून आहे. मग तिच्या लक्षात आलं की संपलं.

"आरं," ती म्हणाली, "ह्यात 'नको' कुठं हाय?"

मी कागद उजेडाकडं धरला आणि पुन्हा वरपासून वाचला. नव्हतं.